सहा मिलिमीटरची मिरवणूक

एकच गाडी आठवडाभर रोह्याची ड्यूटी करू शकते आणि रविवारी ट्रॅकवर धूळही उडवू शकते, फक्त चाकं लावायची अक्कल लागते, असं सुजय पेणमध्ये भेटेल त्याला सांगायचा. ही अक्कल आपल्याकडे आहे याबद्दल त्याला शंका नव्हती. ऐकणाऱ्यांना होती, पण बहुतेक वेळा ते सुजयच्या गाडीतूनच घरी जाणार असत, त्यामुळे ते मान हलवत.

सुजय रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होता. राहायला पेणला. रोजचं जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, तेही फियाटमधून. तेव्हा रस्त्यावर मारुत्या सुळसुळत होत्या आणि फियाटवाल्याकडे लोक धोतर नेसलेल्या माणसाकडे बघावं तसं आदरानं, पण जरा दया येऊन बघायचे. सुजयला त्याचं काही नव्हतं. त्याची फियाट म्हणजे साधी गाडी नव्हती. ती त्याच्या सासऱ्यांनी, रोह्याच्या हैबतरावांनी, पहिल्या दिवाळीला दिलेली गाडी होती.

हैबतरावांची रोह्यात भाताची गिरण होती. ही गाडी त्यांनी मुलीच्या जन्माच्या आदल्या वर्षी घेतलेली. दवाखान्यातून प्रणिताला घरी आणलं ते याच गाडीतून. किल्ली जावयाच्या हातात ठेवताना ते म्हणाले होते, "जावईबापू, धाकटी तुम्हाला आधीच दिलीय. ही थोरली." मग थोरलीला सांभाळायचे नियम सांगितले. काटा पन्नासच्या वर न्यायचा नाही. खड्ड्यात उतरताना ब्रेक आधी दाबायचा, खड्ड्यात गेल्यावर नाही. रविवारी मऊ फडक्यानं पुसायची.

वर्षातले पन्नास रविवार सुजय नियमानं गाडी पुसायचा. उरलेले दोन रविवार तो सासऱ्यांपासून लपवून ठेवायचा.

त्याचं असं झालं होतं, की मुंबईच्या एका मोटार क्लबाला कासूजवळ खाडीच्या अंगाला एक मोकळी जमीन सापडली होती. पावसाळा गेला की ती उन्हानं भाजून सिमेंटसारखी व्हायची. क्लबवाले तिथं रिकामी पिंपं मांडून, फक्कीच्या रेघा मारून एक वळणावळणाचा ट्रॅक आखायचे. एका वेळी एक गाडी सोडायची, घड्याळ लावायचं, दोन फेऱ्यांतली चांगली वेळ धरायची. सुजयनं त्यात दोनदा भाग घेतला होता. एकदा चौदा गाड्यांत बारावा आला, एकदा तेरावा. चौदाव्याचा रेडिएटर फुटला होता.

आपण का हरतो हे सुजयला पक्कं कळलं होतं. वळणावर त्यानं स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडीचं नाक थोडा वेळ सरळच जायचं, जणू तिला रोह्याचाच रस्ता आठवत होता. दोष चालवणाऱ्यात नाही, चाकांच्या मांडणीत आहे, हे त्यानं मुंबईहून मागवलेल्या एका इंग्रजी मासिकात वाचून काढलं. पुढची चाकं वरच्या बाजूनं जराशी आत झुकवली, की वळणावर टायर जमिनीला नीट बसतो. त्याला कॅम्बर म्हणतात. आणि चाकांची पुढची तोंडं एकमेकांपासून किंचित बाहेर फाकवली, की गाडी चटकन वळते. तो टो-आउट. मात्र रोजच्या रस्त्याला नेमकं उलट हवं. चाकं जवळजवळ उभी आणि तोंडं किंचित आत, म्हणजे गाडी सरळ चालते आणि टायर पुरतात.

म्हणजे आठवडा एक मागत होता आणि रविवार दुसरंच. सुजयनं कंपनीच्या कँटीनमध्ये आलेखाच्या कागदावर दोन रेघा काढल्या, त्या जिथं एकमेकींना छेदल्या तिथं गोल केला आणि डबा खाल्ला. दोन्हीकडे चालेल असा आकडा सापडला होता.

त्या वर्षी माघातली गणेश जयंती सोमवारी आली होती आणि कासूची शर्यत आदल्या रविवारी. शुक्रवारी सकाळी सुजय गाडी घेऊन वडखळच्या रस्त्यावर केरू मिस्त्रीकडे गेला. केरूकडे यंत्रबिंत काही नव्हतं. दोरी, खडू, स्टीलची पट्टी आणि गवंड्याचा ओळंबा, एवढ्यावर तो पंचक्रोशीतल्या गाड्या सरळ करायचा. त्यानं सुजयचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं आणि विचारलं, की गाडी वर्षात किती दिवस रोह्याला जाते. सुजयनं तीनशेच्या आसपास सांगितलं. आणि ट्रॅकवर किती दिवस? दोन.

"मंग दोन दिवसांसाठी तीनशे दिवसांचे टायर का खाता, सुजयशेट?" केरू म्हणाला. "गाडी रोज काय करते त्याला चाकं लावायची. ट्रॅकवर हाय तशी पळवा."

हे बोलणं सुजयला अडाणीपणाचं वाटलं. त्यानं आलेखाचा कागद काढून दाखवला. केरूनं तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा, आणि दोन्हीकडून सारखाच दिसतो म्हणून परत दिला. दुपारी त्याला मेव्हणीच्या लग्नाला उरणला जायचं होतं, तो थेट मंगळवारी येणार होता. तेव्हा वाद न घालता तो म्हणाला, काय करायचं ते लिहून ठेवा, बारापर्यंत करून देतो. सुजयनं वहीचं पान फाडून लिहिलं: पुढची चाकं, कॅम्बर आत दोन डिग्री, टो-आउट तीन मिलिमीटर. खाली स्वतःची सही केली, तारीख घातली, आणि एसटीनं ड्यूटीला गेला.

संध्याकाळी गाडी घरासमोर उभी होती. केरूच्या माणसानं आणून लावलेली. चाकांच्या वरच्या जोडातून काढलेल्या पातळ पत्र्या, म्हणजे शिमा, त्यानं काड्यापेटीत घालून सीटवर ठेवल्या होत्या. प्रणिता पायरीवर उभी राहून गाडीकडे बघत होती.

"अहो, ही अशी काय उभी आहे? दमल्यासारखी?"

खरंच, गाडी पुढचे पाय फाकून उभी राहिल्यासारखी दिसत होती, नुकतं चालायला लागलेलं मूल तोल सावरतं तशी. सुजयनं सांगितलं, की रेसिंगच्या गाड्या अशाच दिसतात. प्रणिताला शर्यतीचं माहीत होतं. दोन्ही वेळा तीच स्टॉपवॉच घेऊन मैदानात उभी होती. तिची एकच अट होती, की बाबांना कळता कामा नये. ती काही बोलणार इतक्यात आत फोन वाजला.

फोन रोह्याहून होता, हैबतरावांचा. त्यांनी यंदा प्रथमच घरी माघी गणपती बसवायचं ठरवलं होतं. मूर्ती अर्थातच पेणची, शाडूची, दोन फुटांची. ती टेम्पोनं यायची होती. पण दुपारी जेवून पडल्यावर हैबतरावांच्या मनात आलं, की देव टेम्पोतून का यावा? ज्या गाडीतून आपली पोर घरात आली त्याच गाडीतून गणपती यायला हवा. टेम्पोवाल्याला त्यांनी नको म्हणून कळवूनही टाकलं होतं. "उद्या सकाळी निघा, जावईबापू. घाई नको. पन्नासच्या आत."

सुजय हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? फोन ठेवून तो बाहेर आला आणि गाडीभोवती दोन चकरा मारल्या. केरू उरणला पोचला असेल. दुसरा मिस्त्री केरूनं लावलेल्या चाकांना हात लावणार नाही. आणि स्वतः सुजयनं आयुष्यात पाना फक्त दुसऱ्याच्या हातात दिलेला होता. पण तो मुळात आशावादी माणूस. कागदावर दोन्हीकडे चालेल असाच आकडा काढला आहे ना, मग चालेल, असं त्यानं प्रणिताला सांगितलं आणि जेवून शांत झोपला.

शनिवारी सकाळी नऊ वाजता मूर्ती मागच्या सीटवर बसली. खाली पोत्यांत भरलेला पेंढा, दोन्ही बाजूंना उश्या, तोंडावर रुमाल. शेजारी प्रणिता हिरवी साडी नेसून, दोन्ही हातांनी देवाला धरून. मूर्तिकारानं सांगितलं होतं, की रंग अजून जरा ओला आहे आणि सोंड नाजूक आहे, धक्का अजिबात नको.

गल्लीतून बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर सुजयनं तिसरा गिअर टाकला, आणि गाडीनं आपण होऊन उजवीकडे बघितलं. त्यानं डावीकडे ओढलं तर ती थेट डावीकडच्या उसाच्या रसाच्या गाड्याकडे निघाली. रस्त्यावर डांबराची भेग दिसली की गाडी तिच्या मागं जायची. चाकोरी दिसली की तिच्यात शिरायची. एसटी समोरून गेली की तिच्या वाऱ्यानं हलायची. ओळखीच्या प्रत्येक घरात डोकावत जाणाऱ्या म्हातारीला बाजारात न्यावं, तसं चाललं होतं. आणि पुढची दोन्ही टायरं सतत बारीक आवाजात कुरकुरत होती.

मागून प्रणिता म्हणाली, "देव हलतोय."

सुजयनं वेग चाळीसवर आणला. देव हलतच होता. तीसवर आणला. शेवटी काटा वीसवर आला तेव्हा गाडी माणसात आली. वीसला ती ऐकायची. त्याच्यावर गेलं की तिचं डोकं फिरायचं. सुजयनं दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळले, छाती पुढं केली, आणि पापणी न हलवता रस्त्याकडे बघत वीसच्या वेगानं रोह्याच्या दिशेनं निघाला.

वडखळला एका ट्रकच्या क्लीनरनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून सांगितलं, की चाकं निखळतायत. सुजयनं मान हलवून आभार मानले. पुढं एका सायकलवाल्यानं तेच सांगितलं आणि तो पुढं निघून गेला. कासूला डावीकडे मैदानात क्लबवाले पिंपं मांडत होते. त्यांतल्या एकानं फियाट ओळखून हात केला. सुजयला हात सोडता येत नव्हता, म्हणून त्यानं हनुवटी वर केली.

नागोठण्याला आल्यावर पेच पडला. रोजचा रस्ता भिसे खिंडीतून, जवळचा, पण सगळा वळणांचा आणि उताराचा. ही गाडी सरळ रस्त्यावर सरळ जाईना, ती खिंडीत काय करेल? सुजयनं प्रणिताकडे आरशातून पाहिलं. तिनं देवाला आणखी घट्ट धरलं आणि म्हणाली, "हायवेनंच जाऊ. खांबवरून." म्हणजे वीसेक किलोमीटरचा फेरा. पण सरळ रस्ता.

तोपर्यंत मागं रांग लागली होती. दोन ट्रक, एक जीप, एक मारुती, एक लाल डबा. नवल म्हणजे कुणी हॉर्न वाजवत नव्हतं. मागच्या काचेतून दोन फुटांचा गणपती आणि शेजारी डोक्यावर पदर घेतलेली बाई दिसत होती. देवाला हॉर्न कोण वाजवणार? पहिल्या ट्रकच्या सरदारजीनं तर हेडलाइट लावला. त्याचं बघून बाकीच्यांनी लावले. ज्यांना पुढं जायचं होतं ते जाताना छातीला हात लावून जात होते, आणि त्यांच्या जागी नवे येत होते.

खांबला पोपट भोईर आपल्या मंडळाच्या पोरांना घेऊन देवळासमोर ढोल तापवत बसला होता. सोमवारच्या उत्सवाची तालीम. त्याला लांबून दिसलं ते असं: पुढं एक जुनी फियाट, सायकलच्या चालीनं येतेय. चालवणारा ताठ, नजर समोर, व्रत असल्यासारखा. मागं देव. देवामागं दिवे लावलेल्या गाड्यांची रांग. पोपटला वाटलं, एवढी मोठी मिरवणूक आपल्या गावातून चाललीय आणि वाजप नाही, ही गावाचीच अब्रू गेली. त्यानं पोरांना उठवलं.

सुजयला काही कळायच्या आत गाडीच्या पुढं सहा ढोल आणि दोन ताशे लागले. आता थांबणं भाग होतं. थांबल्यावर बायका आरतीचं ताट घेऊन आल्या. एका म्हातारीनं प्रणिताची ओटी भरली आणि नवऱ्याला कसला नवस आहे म्हणून विचारलं. प्रणितानं सांगितलं, की गाडीचा आहे. यात खोटं काहीच नव्हतं.

सुजयनं काच खाली करून पोपटला सांगायचा प्रयत्न केला, की ही मिरवणूक नाही, चाकांची तोंडं जरा बाहेर आहेत. ढोलांच्या आवाजात पोपटला फक्त "बाहेर" ऐकू आलं.

"व्हय व्हय," तो म्हणाला. "बाहेरपत्तूर सोडतो. काय काळजी करू नका."

आणि त्यानं ते वेशीबाहेरपर्यंत असं न धरता रोह्यापर्यंत असं धरलं.

खरं म्हणजे सुजयला ते सोईचंच होतं. ढोल चालत जातात. चालत्या माणसामागं गाडी सात-आठच्या वेगानं जाते आणि त्या वेगात ती कोकरासारखी शहाणी वागत होती. मधे पोरं दमली की ट्रकच्या हौद्यात बसायची, गाडी वीसवर यायची, आणि वस्ती दिसली की पुन्हा उतरून वाजवायची. कोलाडला एका भजनी मंडळानं टाळ आणले. कुणीतरी पुढच्या काचेवर गुलाल उधळला. तो पुसायला वायपर लावला तर काच सगळी गुलाबी झाली, म्हणून पोपटनं बॉनेटपाशी उभं राहून हातानं इशारे करत गाडीला वाट दाखवली. दीड तासाचं अंतर कापायला त्यांना पाच तास लागले.

रोह्याला हैबतराव अंगणात कधीचे येरझाऱ्या घालत होते. दोन वेळा पेणला फोन करून झाला होता. कृष्णाबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, भाकरतुकडा ओवाळायला धरून हात दुखले म्हणून ताट खाली ठेवलं होतं. अपघाताचं कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. तेवढ्यात लांबून ढोल ऐकू आले. मग गल्लीच्या तोंडाशी माणसं दिसली. मग आणखी माणसं. आणि त्यांच्या मधोमध, नखशिखांत गुलाबी झालेली, त्यांची फियाट.

सुजयनं इंजिन बंद केलं. त्याची बोटं स्टिअरिंगवरून सुटायला थोडा वेळ लागला. देवाला ओरखडाही आला नव्हता.

हैबतराव गाडीपाशी आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. वीस वर्षं ते या गाडीतून पन्नासच्या आत हिंडले होते आणि सारं रोहा त्यांना हसलं होतं. गिरणीवरची माणसं म्हणायची, शेटच्या गाडीला मागून बैल चावतील. आज त्याच गाडीमागं दीडशे माणसं वाजतगाजत आली होती. त्यांनी जावयाला मिठी मारली. तोंडानं एकच वाक्य निघालं, की एवढं कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं.

सुजयला त्या क्षणी गप्प बसता आलं असतं. तसं त्यानं ठरवलंही. पण पोपट मोठा सरळ मनाचा माणूस. ओवाळणी झाली, देव आत गेला, सगळ्यांना सरबत दिलं, आणि मग पोपट हैबतरावांना बाजूला घेऊन म्हणाला, की जावई गुणाचा हाय, पण गाडीचे फुडचे पाय जरा बघून घ्या.

हैबतराव वाकले. एका चाकाकडे बघितलं, मग दुसऱ्याकडे. टायरच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला रबराचा काळा भुसा लागला. ते सावकाश सरळ झाले.

"कुठं ठोकलीत?"

आता मात्र खोटं बोलायची सोय उरली नाही. सुजयनं सांगितलं. कासूचा ट्रॅक, बारावा नंबर, तेरावा नंबर, मासिक, आलेखाचा कागद, केरू, सगळं. अंगात गुलालानं माखलेला झब्बा, घसा धुळीनं बसलेला. सांगताना तो प्रणिताकडे बघत नव्हता आणि प्रणिता त्याच्याकडे बघत नव्हती. किल्ली आज परत जाणार हे दोघांनाही कळत होतं. आणि किल्लीचंही एवढं काही नव्हतं. घटकेपूर्वी ज्या माणसाचे डोळे भरून आले होते, त्याला ही गोष्ट ऐकवायची, हे जास्त जड होतं.

हैबतरावांनी बोटावरचा भुसा चाकालाच पुसला. मग म्हणाले, "टो किती सोडलाय?"

सुजयला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तीन मिलिमीटर, तो म्हणाला.

हैबतरावांनी गिरणीतून दोरी, पट्टी आणि जॅक मागवला. दोन चाकांच्या पुढच्या कडांमधलं अंतर मापलं, मागच्या कडांमधलं मापलं. पुन्हा मापलं.

"सहा आहे."

"मी तीन लिहून दिलं होतं."

"एका चाकाचं की दोन्हींचं मिळून?"

मिळून असं त्याच्या मनात होतं. कागदावर नव्हतं. केरूनं दोन चाकं मोजली होती आणि प्रत्येकाला तीन दिले होते. तारीख आणि सही मात्र कागदावर अगदी ठळक होती.

"तुम्हाला हे येतं, मामा?" सुजयनं हळूच विचारलं.

येणारच, असं हैबतरावांचं म्हणणं पडलं. तेव्हा रोह्यात मिस्त्री कुठं होता? वीस वर्षं या गाडीची चाकं त्यांनीच लावली होती, दर पावसाळ्यानंतर. त्यांनी शिमांची काड्यापेटी मागून घेतली आणि जावयाला गाडीखाली आडवं केलं. आधी कॅम्बर, मग टो, उलट केलं तर पुन्हा करावं लागतं, असं वरून सांगत राहिले. अर्ध्या शिमा परत बसल्या. टो सहावरून शून्यावर आला. चाकं सरळ समोर बघायला लागली. सुजयच्या हाताची दोन बोटं सोलली आणि आपण इतकी वर्षं ज्या गोष्टीबद्दल बोलत होतो ती कशी दिसते, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"हे उद्यापुरतं," हैबतराव हात पुसत म्हणाले. "रस्त्यावर चालेल, मैदानातही चालेल. सोमवारी सगळ्या शिमा परत घालायच्या आणि टो दोन मिलिमीटर आत. दोन्ही चाकांचं मिळून." मग कुणाकडेच न बघता: "किती वाजता असतं ते?"

रविवारी कासूला चौघं गेले. कृष्णाबाईंनी डबा घेतला होता, थालीपीठं आणि वालाचं बिरडं. चाळीसच्या वेगानं गाडी एका रेघेत आली.

सोळा गाड्या होत्या. सुजयनं पहिली फेरी जपून मारली. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या पिंपाला त्यानं स्टिअरिंग फिरवलं आणि नाक वळलं. सरळ गेलं नाही, विचार केला नाही, वळलं. तो इतका खूश झाला की पुढचं वळण विसरतच होता. प्रणितानं घड्याळ बघितलं आणि मैदानातच उडी मारली. सहावा. बक्षीस तिसऱ्यापर्यंतच होतं, पण सुजयनं हात असे हलवले की फोटोवाला आधी त्याच्याकडेच आला.

हैबतराव रेघेच्या कडेला हात मागं बांधून उभे होते. शर्यत संपल्यावर त्यांनी क्लबच्या सेक्रेटरीला गाठून विचारलं, की गाडी माझी आहे, एक फेरी मारली तर हरकत आहे का. सेक्रेटरी भला माणूस होता. त्यानं हेल्मेट दिलं.

हैबतराव निघाले ते पन्नासच्या बरेच आत. पहिल्या वळणाला त्यांनी खिडकीतून हात काढून इशारा दिला. दुसऱ्या वळणालाही दिला. ट्रॅकच्या मधे एक म्हैस आली तेव्हा गाडी थांबवून तिला जाऊ दिलं. कडेची माणसं हसायला लागली, मग टाळ्या वाजवायला लागली. कृष्णाबाई म्हणाल्या, यांनी संसारही असाच केला.

आणि मग तिसऱ्या पिंपाला हात बाहेर आलाच नाही. इंजिनाचा आवाज चढला. गाडीचं नाक आत वळलं, मागं धुळीचा पडदा उभा राहिला, आणि त्यातून फियाट पुढच्या पिंपाकडे अशी गेली की प्रणिताचा हात आपोआप नवऱ्याच्या दंडावर गेला. फेरी पूर्ण करून हैबतराव थांबले. हेल्मेट काढलं. सहासष्ट वर्षांच्या त्या चेहऱ्यावर सुजयला जे दिसलं, ते त्यानं आजवर फक्त लहान पोरांच्या तोंडावर बघितलं होतं, जत्रेत पाळण्यातून उतरताना.

सोमवारी गणपती बसला. मंगळवारी विसर्जन झालं. संध्याकाळी सुजयनं शिमांची काड्यापेटी घेऊन अंगणात जाऊन बघितलं, तर हैबतराव आधीच चाकाशी बसले होते, हातात ओळंबा. शिमा परत घालायची काही घाई नाही, असं ते म्हणाले. पुढची शर्यत मेमध्ये आहे असं सेक्रेटरी म्हणत होता. तोपर्यंत गाडी इथंच राहू दे. जरा सराव करतो. पेण-रोह्याला काय, एसटी आहे की.

तेव्हापासून सुजय रोज सकाळी पेणच्या स्टँडवर उभा राहतो. गाडी ट्रॅकसाठी लावायची की रोजच्यासाठी, असं त्याला अजूनही कुणी विचारतं. तो सांगतो, की ते आता ठरलंय. गाडी फक्त ट्रॅकची. रोजची एसटी.

त्याचं दुःख त्याला फारसं नाही. सासरा आठवड्यातून तीनदा फोन करतो आणि कॅम्बर पाव डिग्रीनं वाढवावा का, म्हणून जावयाचा सल्ला घेतो. असं भाग्य कुणाच्या वाट्याला येतं? फक्त एकदा त्यानं धीर करून विचारलं होतं, की मामा, रोहा स्टँडपासून धाटाव चार किलोमीटर पडतं, सकाळी तेवढं गाडीनं सोडाल का?

हैबतरावांनी जरा विचार केला आणि नाही म्हणाले. उगाच टायर झिजतील.